हिरव्या बावट्याचा वाढदिवस

दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर एका गाडीचा वाढदिवस साजरा होतो. सकाळी डेक्कन क्वीन मुंबईकडे सुटण्याआधी तिचे नेहमीचे प्रवासी आणि रेल्वेवेडे फलाटावर जमतात, इंजिनाला हार चढतो, केक कापला जातो. १९३० साली याच तारखेला ती पहिल्यांदा धावली. तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर शेंदरी पट्टे. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडातून आले होते आणि वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झालं होतं. जिथे मोठी माणसं एका गाडीचा वाढदिवस इतक्या हौसेनं करतात, तिथे चार वर्षांच्या मुलानं ‘माझ्या वाढदिवसाला जुनी आगगाडी पाहिजे’ म्हटलं, तर त्याचा हट्ट मनापासून पुरवावा.

अशा वाढदिवसाचं तयार सामान बाजारात मिळतं. तोरण, टोप्या, मागच्या भिंतीवर लावायचा छापील पडदा. त्यावरचं इंजिन बहुतेक वेळा अमेरिकेतलं असतं आणि त्याच्यामागे वाळवंट असतं. मुलं त्या पडद्याकडे दोन मिनिटं बघतात, फोटो निघतो आणि मग तो पडदा कुणाच्याच कामाचा राहत नाही. लहान मुलाला रेल्वेत ओढून घेणारी गोष्ट वेगळी असते. तिथे प्रत्येकाला काहीतरी काम असतं. एकजण बावटा दाखवतो, एकजण तिकीट टोचतो, एकजण खांबावरचा सिग्नल पाडतो, आणि या सगळ्यांनी आपापलं काम केलं की एवढी मोठी वस्तू जागची हलते. मुलांना ती कामं करायला द्या. सजावट त्यातून आपोआप होते आणि खेळ वेगळे शोधावे लागत नाहीत. या लेखात मी सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी एक गाडी ठरवायला हवी. ‘जुनी ट्रेन’ एवढंच मनात ठेवलं की वस्तूंची खिचडी होते. डेक्कन क्वीन जुनी आहे, पण ती पहिल्या दिवसापासून विजेवर धावली. तिच्या इंजिनावर धुराचं नळकांडं रंगवलं तर ती डेक्कन क्वीन राहत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी निवडता येईल. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, ३४ किलोमीटरचा प्रवास आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. सहा-सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात तोफांची सलामीही आहे. सोलापूरकडच्या घरांना १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे जवळची वाटेल. तिच्यातून पंढरीला गेलेले वारकरी कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्यांत सापडतील. विदर्भातल्या माणसाला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला सांगायला नको.

चौथ्या वाढदिवसाला मात्र मी नेरळ-माथेरानची गाडी निवडेन. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली ही लाईन १९०७ साली सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरचा घाट, वाटेत एक छोटा बोगदा, आणि रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. तिची पहिली चार इंजिनं जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीनं बनवलेली होती आणि प्रत्येकाला सहा चाकं होती, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मुलाच्या हाताला चितारता येईल, पुठ्ठ्यात कापता येईल आणि घरातल्या हॉलमध्ये मावेल, अशी ही गाडी आहे. शिवाय ती काल्पनिक नाही. वाढदिवसानंतर मुलाला प्रत्यक्ष नेऊन दाखवता येते.

रूळ आखण्यासाठी रांगोळी घ्या. इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा अंगणात दोन समांतर रेघा, मधलं अंतर ६१ सेंटिमीटर. झाली माथेरानची लाईन. स्लीपरच्या आडव्या रेघा मुलांना ओढू द्याव्यात, वाकड्या आल्या तरी चालतील. तिच्या शेजारी दोन-तीन पावलांपुरती आपली नेहमीची ब्रॉडगेज आखा. तिच्या रुळांत १६७ सेंटिमीटरहून थोडं जास्त, म्हणजे साडेपाच फूट अंतर असतं. चार वर्षांचं मूल साधारण मीटरभर उंचीचं असतं. त्याला ब्रॉडगेजच्या दोन रेघांमध्ये आडवं झोपवलं तर डोकं एका रुळाशी येतं आणि पाय दुसऱ्या रुळापर्यंत पोचत नाहीत. दोन फुटी लाईनवर तेच मूल झोपलं तर पाय बाहेर जातात. ही गाडी लहान का आणि ती मोठी का, हे मुलांना यापेक्षा चांगलं कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही. झोपण्याचा हा खेळ रांगोळीतच, खऱ्या रुळांवर कधीच नाही, हेही त्याच दमात सांगून टाकावं. रांगोळीला एक वळण जरूर द्या. माथेरानच्या घाटात काही वळणं इतकी आवळ आहेत की मोठी गाडी तिथे वळूच शकणार नाही. डोंगराच्या अंगाने लाईन न्यायची असेल तर रुळांमधलं अंतर कमी ठेवणं सोयीचं पडतं, ते यासाठीच.

आता गाडी. भाड्यानं मिळणारी बॅटरीवरची छोटी गाडी बोलावता येते, पण तिच्यात मुलं फक्त बसून राहतात. त्यापेक्षा दोरीची गाडी मला कितीतरी जास्त आवडते. जाड सुती दोरीला दोन-दोन फुटांवर गाठी मारा, प्रत्येक गाठीला एक मूल. सर्वांत पुढे पुठ्ठ्याचं इंजिन. वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं भंगारवाल्याकडे किंवा विजेच्या उपकरणांच्या दुकानात मागितलं तर सहज मिळतं. खोक्याचा तळ आणि वरचा भाग कापा, खांद्यावर अडकवायला जुन्या ओढणीचे दोन पट्टे लावा, पुढे गोल डबा आणि त्यावर नळकांडं. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी पन्हाळ्या उभ्या राहतील असं खोकं धरलं तर ते लवकर बसत नाही. इंजिन काळं रंगवा, डबे मातकट लाल. आपल्याकडचे डबे निळे झाले ते नव्वदच्या दशकात. त्याआधीची पिढी लाल डब्यांत बसून मामाच्या गावाला गेली. वाढदिवसाला आलेल्या आजी-आजोबांना तो रंग लगेच ओळखू येईल.

इंजिन कसं चालतं ते मुलांना सांगायचंच. चार वर्षांच्या मुलाला कळेल इतकं ते सोपं आहे. भट्टीत कोळसा जळतो, त्यानं पाणी उकळतं, वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायची घाई असते. ती दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. काम झालेली वाफ नळकांड्यातून जोरात बाहेर फेकली जाते. तेव्हा जो आवाज होतो तो ‘झुक’. जाता जाता ती वाफ भट्टीतला धूरही ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा येते आणि आग भडकते. इंजिन जितकं जास्त राबतं तितकी त्याची आग आपोआप वाढते. या यंत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. साध्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात आणि प्रत्येकातला दट्ट्या जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळी ढकलला जातो. म्हणून चाकाच्या एका फेरीत चार झुक ऐकू येतात. मुलांना गोल उभं करून चार टाळ्यांवर ‘झुक’ म्हणायला लावा, पहिली टाळी जोरात. आधी अगदी सावकाश, मग वेग वाढवत. मोठ्यांनी काही न शिकवता मुलं हात कोपरातून पुढेमागे हलवायला लागतात. त्यांचे ते हात म्हणजे इंजिनाचे दांडेच.

फायरमनचं काम द्यायला काळ्या कागदाचे चुरगाळलेले गोळे करून टोपलीत ठेवा आणि वाळूत खेळायचं प्लॅस्टिकचं फावडं द्या. इंजिनाच्या मागच्या बाजूला लाल-पिवळा क्रेप कागद लावलेला डबा म्हणजे भट्टी. भट्टीत ठरलेले गोळे पडल्याशिवाय गाडी हलत नाही, हा नियम. या खेळाला एक व्यवहारी फायदा जोडलेला आहे. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी कितीतरी जास्त लागायचं. म्हणून वाटेतल्या स्टेशनांवर इंजिनाला पाणी पाजायचे उंच नळ असत. तेव्हा आपली गाडीही प्रत्येक स्टेशनला पाणी घेते. इंजिन पाणी पितं तर डबेही पितात. एरवी मागे लागूनही पाणी न पिणारी मुलं इथे पेले रिकामे करतात. मे महिन्यातल्या वाढदिवसाला याची फार गरज असते.

आमंत्रणासाठी पुठ्ठ्याच्या तिकिटाइतकी चांगली कल्पना दुसरी नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं ते छोटं जाड तिकीट थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशन मास्तरनं १८३०च्या दशकात काढलं. त्याआधी तो लाकडी फर्निचर बनवायचा. प्रत्येक उतारूसाठी हातानं कागद लिहायचा, हे त्याला वेळखाऊ वाटायचं आणि पैशांचा हिशेबही नीट लागायचा नाही. त्यानं आधीच छापलेली, ओळीनं क्रमांक घातलेली तिकिटं वापरायला सुरुवात केली. पहिला आणि शेवटचा क्रमांक पाहिला की दिवसभरात किती विकली गेली ते कळतं. त्याचं माप ५७ मिलिमीटर बाय ३० मिलिमीटर. आमंत्रण छापताना दोन्ही मापं दुप्पट करा, म्हणजे मजकूर मावेल. मुलाचं नाव सोनू असेल तर वरती ‘आपलं घर ते सोनू रोड’, खाली तारीख, सुटण्याची वेळ, वर्ग आणि डाव्या कोपऱ्यात क्रमांक. प्रत्येक मुलाला वेगळा क्रमांक द्या. आपला क्रमांक कोणता हे मुलं पक्कं लक्षात ठेवतात.

‘रोड’ का, तर ज्या स्टेशनापासून गाव लांब असतं त्याच्या नावापुढे बहुधा ‘रोड’ लावलेलं असतं, जसं नाशिक रोड. ‘जंक्शन’ म्हणायचं असेल तर तिथे निदान तीन दिशांना लाईन फुटायला हवी. घरात जिन्याकडे, गच्चीकडे आणि अंगणाकडे जायच्या वाटा असतील तर खुशाल जंक्शन लिहा. पाटी पिवळी, अक्षरं काळी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. आपल्या गावाची उंची शोधून खरा आकडा घाला. नेरळ समुद्रसपाटीपासून थोडंच वर आहे आणि माथेरान आठशे मीटरच्या आसपास, हा फरक पाट्यांवर वाचून दाखवला की गाडी डोंगर चढली हे मुलांच्या डोळ्यांना दिसतं.

दारावर टीसी उभा राहतो आणि तिकिटाला भोक पाडतो. कागद टोचायचं साधं पंचिंग मशीन पुरतं, फक्त शेजारी एक मोठं माणूस असावं. आपल्या रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून या वयाच्या मुलांनी हातात स्वतःचं तिकीट कधी धरलेलंच नसतं. ते मिळाल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. थांबणाऱ्या आईवडिलांना फलाट तिकीट द्या. त्यांनी फलाटावर थांबायचं, गाडीत चढायचं नाही, हे त्या एका कागदानं गोडीनं सांगून होतं.

मुलं आठ ते दहाच बोलवा. त्याहून जास्त झाली तर कामं पुरत नाहीत आणि रांगा लागतात. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, टीसी, सिग्नलवाला, फाटकवाला, लाल सदऱ्यावर पितळी बिल्ला लावलेला हमाल, गाडीत फिरणारा चिक्कीवाला. प्रत्येक स्टेशनला कामं बदलतात, हे आधीच जाहीर करावं. ज्याचा वाढदिवस आहे त्याला पहिल्यांदा ड्रायव्हर होऊ द्या आणि नंतर त्यालाही रांगेत आणा. स्टेशन मास्तर मात्र आजोबा किंवा आजी. रेल्वेत नोकरी केलेलं एखादं माणूस नात्यात किंवा शेजारी असेल तर त्यांनाच विनंती करा. कुर्डुवाडी, मनमाड, भुसावळ, मिरज, दौंड या गावांतल्या कितीतरी घरांत असं माणूस असतं. त्यांचा हात बावट्यावर ज्या सवयीनं जातो, तो आपल्याला शिकून येणार नाही.

बावटे दोनच, हिरवा आणि लाल. गार्डनं हिरवा हलवला की गाडी सुटते, लाल दिसला की जागच्या जागी थांबायचं. शिट्टी एकच ठेवा आणि ती मोठ्या माणसाच्या गळ्यात असू द्या. सगळ्यांना शिट्ट्या वाटल्या की पाच मिनिटांत कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, आणि एकाच शिट्टीला दहा तोंडं लावणं आरोग्याला बरं नाही. सुटण्याची सूचना द्यायला जुन्या स्टेशनांवर रुळाचा तुकडा टांगलेला असायचा आणि त्यावर लोखंडी दांड्यानं ठोका पडायचा. घरी पितळी ताट आणि लाकडी पळी घ्या. तो ठोका ऐकला की बोलणं थांबतं.

सिग्नल पुठ्ठ्याचा करावा. आपल्याकडच्या जुन्या खांबावर लाल हात असायचा आणि त्यावर पांढरा पट्टा. हात आडवा असला की थांबा. खाली तिरका पडला की जा. उंच काठीला पुठ्ठ्याचा हात नटबोल्टनं सैलसर बसवा आणि टोकाला दोरी बांधा. दोरी सोडली की हात खाली येतो. खऱ्या सिग्नलला दोरीच्या जागी तार असायची, ती लांबवरच्या केबिनपर्यंत गेलेली असायची आणि केबिनमध्ये माणूस मोठा दांडा ओढायचा. पाहुणे उशिरा येणार हे आपण धरूनच चालतो. त्यासाठी पहिली वीस मिनिटं सिग्नल आडवाच ठेवा. आलेली मुलं डबे रंगवतील, कोळसा भरतील. गाडी आउटरला उभी आहे, असं सांगितलं की कुणाचीच घाई होत नाही.

मला विशेष प्रिय असलेला खेळ टोकनचा आहे. एकाच लाईनवर समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर काय, हा प्रश्न रेल्वेला सुरुवातीपासून सोडवावा लागला. त्यावरचा एक उपाय म्हणजे धातूचा एक गोळा. दोन स्टेशनांवर जोडलेली यंत्रं असत आणि त्यांच्यातून एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्यालाच पुढच्या स्टेशनापर्यंत जायची मुभा. चालत्या गाडीत घेता यावा म्हणून गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ती वेताच्या मोठ्या कडीला बांधत. ड्रायव्हर हात बाहेर काढून कडी खांद्यात झेलायचा. घरी हुला हूपला चेंडूची पिशवी बांधा. मुलांच्या दोन गाड्या करा, मधला बोळ एकच. कडी ज्यांच्याकडे, त्यांनी जायचं. बाकीच्यांनी वाट बघायची. आपली पाळी येईपर्यंत थांबायला लहान मुलांना जड जातं. पण हातात कडी नाही म्हणजे समोरून गाडी येत असणार, हे त्यांना चटकन पटतं आणि ती खरोखर थांबतात.

जिना असेल तर तो घाट. भोर घाटात लाईन काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट चढते. तिथे जड गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. सर्वांत लहान किंवा बुजरं मूल मागे पडत असेल तर एखाद्या ताई-दादाला बँकर करून त्याच्या पाठीवर अलगद हात ठेवायला सांगा. त्या मुलाला आपल्याला मदत लागली असं वाटत नाही, कारण घाटात बँकर सगळ्यांनाच लागतो.

सजावटीला माळ्यावरच्या वस्तू काढा. लोखंडी ट्रंक, सतरंजीत गुंडाळून पट्ट्यानं बांधलेली वळकटी, फिरकीचा तांब्या, सुरई, वेताची टोपली. एवढ्यावर पन्नास वर्षांपूर्वीचा फलाट उभा राहतो. वळकटी उघडून मुलांना तिच्यावर बसू द्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यानंतर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी यायला लागली. त्याआधी रात्रीचा प्रवास करणाऱ्याला आपलं अंथरूण आपणच न्यावं लागे. ट्रंकेचं झाकण मात्र बांधून ठेवा, बोटं चेमटतात.

खाणं स्टेशनावरचंच हवं. कर्जतचा बटाटेवडा मुलांसाठी कमी तिखटाचा, लिंबाएवढा. उकडलेले बटाटे, इडलीचे तुकडे, केळी, आणि डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारची आठवण म्हणून चीज टोस्ट. प्रत्येकाचं खाणं छोट्या स्टीलच्या डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तर चित्र जुनं दिसेल खरं, पण छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते टाळायला सांगितलेलं आहे. केळीचं पान किंवा बटर पेपर वापरा. चिक्की लोणावळ्याची असो की माथेरानची, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या शेंगदाण्याची देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. राजगिऱ्याची किंवा खोबऱ्याची द्या. आणि शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारा.

केकला फार कारागिरी लागत नाही. रोल केक म्हणजे बॉयलर, त्याच्यामागे चौकोनी तुकडा म्हणजे ड्रायव्हरची केबिन, मारी बिस्किटांची तीन-तीन चाकं, त्यांना जोडणारी चॉकलेटची काडी. ही काडी विसरू नका. तिन्ही चाकांना जोडणारा दांडा आहे म्हणून ती एकदम फिरतात. मागे पावाच्या आकाराच्या केकचे डबे, जितकी मुलं तितके. म्हणजे केक कापताना भांडण नाही, प्रत्येकाचा डबा ठरलेला. चाकांना चकल्या लावल्या तरी छान दिसतात, मोठ्यांना त्या जास्त आवडतील. औक्षण आधी करून घ्यावं. मुलगा ड्रायव्हरच्या वेशात, डोक्याला रुमाल बांधलेला, पाटावर बसलेला, हे दृश्य आईला आयुष्यभर पुरतं.

इथे थोडं कडक बोलायला हवं. रस्त्यावर मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि निरांजनाच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ तो पेट घेतो. असे फुगे या घरात आणूच नका. फसफसणारा स्प्रेचा फेसही ज्योतीजवळ पेटतो. इंजिनाच्या नळकांड्यातून धूर दिसावा म्हणून कुणी ड्राय आइस सुचवेल. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तर कातडी जळते, तोंडात गेला तर जीवावर बेतते. तारेला गुंडाळलेला कापूस धुरासारखा पुरेसा दिसतो, फक्त तो केकपासून लांब ठेवा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. दिवे लागणाऱ्या स्वस्त खेळण्यांतल्या बटणाएवढ्या बॅटऱ्या मुलं गिळतात, तेव्हा अशी खेळणी परतभेट म्हणून देऊ नयेत. परतभेट म्हणून टोचलेलं तिकीट आणि हातानं शिवलेला छोटा हिरवा बावटा द्यावा. घरी गेल्यावर तो कितीतरी दिवस वापरला जातो.

वेळ दीड-पावणेदोन तासांपेक्षा जास्त नको. पाचला सुरुवात, पाच वीसला सिग्नल, सहाला खाणं आणि केक, पावणेसातला शेवटचं स्टेशन. वेळापत्रक मोठ्या कागदावर लिहून लावा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्रं काढा. नेहमी दुपारी झोपणारी मुलं असतील तर ती उठल्यानंतरचीच वेळ ठेवा.

शेवटच्या फेरीत सर्वांत मागच्या मुलाच्या पाठीवर ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी लावा. खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर ती असते, अर्थ ‘शेवटचा डबा’. गाडी स्टेशनातून जाताना तिथला माणूस ही पाटी बघतो. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आहे, वाटेत एकही डबा तुटून राहिलेला नाही. पार्किंगमध्ये, जिन्यात, गच्चीवर खेळून आलेल्या मुलांची मोजणी करायला याहून चांगला प्रसंग कुठला? एलव्हीवालं मूल आत आलं, क्रमांक मोजून झाले, मग प्रत्येकाला त्याच्या माणसाच्या हातात सोपवायचं.

पुठ्ठ्याचं इंजिन लगेच फेकू नका. ते निदान पावसाळ्यापर्यंत रोज चालवलं जातं. आणि पुढच्या एखाद्या सुट्टीला मुलाला खरं काहीतरी दाखवा. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे बोगदे, सिग्नल आणि वाफेची गाडी यांचं चालतं-बोलतं जग एका खोलीत भरलेलं आहे. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. नेरळला जायचं तर पावसाळा टाळून जा, कारण त्या महिन्यांत घाटातली गाडी बंद असते आणि फक्त अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा चालतो. तिकडे गेलात तर मुलाला जुन्या वाफेच्या इंजिनाजवळ उभं करा आणि एका बाजूची चाकं मोजायला सांगा.